गुरुवारची वेळ

बोईसरला गाडी यायला वेळ होता, म्हणून आमच्या घिवली गावाहून सोडायला आलेली आई फलाटावर माझ्याशेजारी टेकली. माझं नुकतंच लग्न झालेलं, नवरा पुण्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामावर. आई एवढंच म्हणाली, "तिकडं मन सांबाळ बाय. बाकी सगळं मिळतं." साठ-एकसष्टची गोष्ट ही. तुम्ही घिवलीत मागे राहिलेल्या मैत्रिणी म्हणता, गेली ती सुटली. कसली सुटते!

पुण्यात मिळालं सगळं. माझा मुलगा सुधीर तिथेच जन्मला. तीन वर्षांचा झाला आणि घटसर्पाने गेला. नंतर मी स्टोव्ह पेटवून तशीच बसून राहायची. दूध उतू जायचं, मी बघत राहायची. शेवटी ह्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. दर गुरुवारी संध्याकाळी जायचं.

डॉक्टर देवमाणूस, उगाच खोटं का बोलू? "बोला, मोकळ्या व्हा," म्हणायचे. मी बोलले. ताप कसा चढला, श्वास कसा अडकला, सगळं. पहिल्यांदा सांगताना जीव जात होता. मग सवय झाली. कुठे थांबायचं, कुठे रडू येतं, पाठच झालं. डॉक्टरांना वाटलं, बाई सावरतेय. मला वाटायचं, सांगून सांगून माझं पोर झिजलं. एका गुरुवारी मी गेलेच नाही, सरळ घिवली गाठली.

आईने एका शब्दाने विचारलं नाही. दुपारी काकी आली, शेजारणी आल्या, परातीत मोड आलेले वाल घेऊन. आपल्याकडे दुःखाच्या घरी बायका अशाच येतात, हाताला काम घेऊन. पडवीत बसून वाल सोलत राहिल्या. सुधीरचं नाव कुणी काढलं नाही. त्या रोज यायच्या; काही दिवस मी नुसती बसले. मग माझाही हात परातीत गेला आणि रडू फुटलं. काकी म्हणाली, "रड गो. हात नको थांबवू." कुणाचं औषध थोर ते मी ठरवत नाही, पण त्या पडवीत मी माणसांत आले.

परतले तो गुरुवार होता; संध्याकाळी हे घरी नव्हते. उशिरा आले. कुठे होतात विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टरांकडे. तुझी वेळ रिकामी होती ना."

मला पडवी होती, काकी होती. ह्यांना मात्र जो तो विचारायचा, बायको कशी आहे?

"काय सांगता तिथं?" मी विचारलं. म्हणाले, "रविवारी छापखान्यात न्यायचो ना त्याला. एक खिळा मुठीत लपवायचा, आणि मी मागितला की दुसरी मूठ उघडून दाखवायचा." मला हे ठाऊकच नव्हतं. मला न कळलेला सुधीर ह्यांच्यापाशी अजून शिल्लक होता. मग रोज जेवताना ते एखादी आठवण सांगायचे, एखादी मी. असं नव्हतंच झालं, म्हणून भांडायचोसुद्धा.

एके संध्याकाळी ते म्हणाले, "आता माझ्याकडचं संपलं." माझंही संपलं होतं; माझ्याजवळचा सुधीर ह्यांच्याकडे गेला होता, ह्यांचा माझ्याकडे. दोघं तसेच शेजारी बसून राहिलो, दिवा लावायलाही कुणी उठलं नाही.

तुम्ही अजून विचारता, घरी कधी येणार? घिवली माझं माहेर. घर झालं ते त्या संध्याकाळी, पुण्याच्या त्या खोलीत.