एक्स्पोर्टची माया

माझा नवरा न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. घरी आणलेली द्राक्षं आंबट निघाली की तो म्हणायचा, "चांगला माल गेला एक्स्पोर्टला, उरलेला आपल्याला." सासूबाईंनी तो शब्द उचलला आणि माझ्यावर चिकटवला. "आमच्या हिची माया एक्स्पोर्टची हो!" असं त्या आल्यागेल्याला हसत सांगायच्या. मला भयंकर राग यायचा.

निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी पनवेलहून स्कूटरने जासईला जाते आणि तिथल्या बायकांना मोबाइल वापरायला शिकवते. तिथे माझ्या जिभेवर साखर असते. कुणी एकच गोष्ट दहादा विचारली तरी, "मावशी, सावकाश. घाई नाही." घरी सासूबाईंनी फोन पुढे केला की मात्र, "आई, नंतर बघू." नाहीतर मी फोन ओढून घ्यायची, दोन बटणं दाबायची आणि परत द्यायची. त्यात कोण काय शिकणार?

त्यांची धाकटी बहीण गुहागरला पाय मोडून अंथरुणावर होती. त्यांना तिचं तोंड बघायचं होतं, तेही वाटेल तेव्हा, स्वतः फोन लावून, माझ्या मिनतवाऱ्या न करता. मी तीन आठवडे "उद्या नक्की" म्हणत राहिले. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

एका शनिवारी जासईचा वर्ग रंगात आला होता आणि दारात सासूबाई उभ्या! इस्त्रीची साडी, पिशवीत फोन, पाण्याची बाटली. पंच्याहत्तरी उलटल्यापासून त्यांना एसटीला तिकीट लागत नाही, उरणच्या गाडीत बसून खुशाल आल्या होत्या. सतरंजीवर मागे बसल्या आणि शाळेतल्यासारखं बोट वर केलं.

"बाई, नवीन माणसाला घेता का?"

मी खेकसणारच होते. तेवढ्यात पुढे बसलेल्या मासळीवाल्या मावशींनी मलाच दटावलं, "बाई, म्हातारी कुठून लांबून आलेली दिसते. तिला आदी दाखवा, आमी थांबतो. आमाला घाई नाय."

ही माझी सासू, हे सांगायची हिंमत झाली नाही. सगळ्यांसमोर त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "मावशी, सावकाश." त्यांनी अगदी निरागस चेहऱ्याने मान डोलावली. त्यांचं बोट थरथरतं आणि म्हणून बटण दोनदा दाबलं जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस मला वाटायचं, त्यांचं लक्षच नसतं.

चौथ्या खेपेला फोन लागला. बहिणीला आधी यांचं नुसतं कपाळ दिसलं. मग दोघी एकदम हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. सगळा वर्ग माना उंचावून बघत होता.

"ताई, फोन कुणी गं लावून दिला? सुनेने?"

"छे गं, मीच लावला! तिला कुठला वेळ? इथे जासईला एक बाई आहेत, त्यांनी शिकवलं. फार मायाळू. आमच्या घरी येतात का, विचारते त्यांना."