फोनवर मान हलवणारा बटाटा

वेन्डल कुबिक कुठे राहतो असं आमच्या गावात विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. बटाटा कुठे राहतो विचारा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल.

ओहायोतलं आमचं गाव बटाट्याच्या वेफर्सवर जगतं. कारखाना एक आणि त्या कारखान्याचा चालता-फिरता बटाटाही एकच. अंग फोमचं, वरून तपकिरी मखमल, डोक्यावर हिरवी टोपी, ओठ लाल दोऱ्याने शिवलेले. मिरवणूक असो, जत्रा असो, शाळेचा फुटबॉलचा सामना असो, त्या पोशाखात वेन्डल शिरायचा. एरवी माणूस इतका लाजाळू, की दुकानात पाव दिसला नाही तर विचारण्याऐवजी बिस्किटं घेऊन घरी यायचा. आत शिरला की मात्र वाघ! नाचेल, लोळेल, महापौरांच्या टकलावर टपली मारेल. फक्त बोलायचा नाही. बटाट्याने बोलायचं नाही, हा म्हाताऱ्या मालकाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. एकदा आत मधमाशी शिरली, तरी गडी हूं की चूं न करता नुसता नाचला. लोकांनी 'पुन्हा एकदा' म्हणून टाळ्या वाजवल्या.

पुढे म्हाताऱ्याने अंथरूण धरलं आणि कारखाना जावयाच्या हातात गेला. ब्रेन्ट त्याचं नाव. टाय बांधून झोपणाऱ्यांतला. त्याने जत्रा उठल्याबरोबर वेन्डलला हाकललं. कारण काय, तर पोरांच्या घोळक्यासमोर बटाटा मोठ्याने म्हणाला, "पाकिटात निम्मी हवाच असते!"

वेन्डल बोलला नव्हता. आवाज त्याच्या पाठीमागून आला होता. बटाट्याला मागचं दिसत नाही. पण तो आवाज ओळखायला डोळे कशाला हवेत? वेन्डलने ओळखला आणि गिळून टाकला.

मग त्याने बेकारी विम्याचा अर्ज केला. इथे कुणी नाक मुरडू नये, सांगून ठेवतो! ही भीक नव्हे. या विम्यापोटी मालक राज्याकडे कर भरतो, आणि तो कुणाच्या घामावर भरतो हे मला कुणी शिकवू नये. काम सुटलं की दुसरं मिळेपर्यंत दर आठवड्याला हक्काचे पैसे. मात्र मुद्दाम गैरवर्तन केलं म्हणून काढलेल्याला ते मिळत नाहीत. आणि काढलेली माणसं पैसे घेऊ लागली की मालकाचा कर चढतो. म्हणून जावईबापूंनी राज्याला कळवलं, गैरवर्तन! अर्ज फेटाळला गेला.

पैसे नाहीत तर घर नाही, घर नाही तर डेटनला मोठ्या बहिणीकडे. मर्लीन आणि तिचे तीन पोपट. चौघंही एकदम बोलतात. तिने खोली झाडून ठेवल्याचं कळवलं, तसा वेन्डलचा चेहरा उकडल्यासारखा झाला.

"रडतोस काय? अपील कर!" डोलोरिस हॅगर्टी गरजली. ही कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीण, जुनी युनियनवाली. आवाज घोगरा, रेतीच्या ट्रकसारखा. "मी बोलते तुझ्या बाजूने. आणि ते हवेचं बोलणारा गाढव कोण, तेवढं कळू दे. नरडं आवळते त्याचं!"

वेन्डल आपल्या बुटांकडे बघत राहिला. डोलोरिस दिवसभरात इतकं बोलायची, की तिला आपलंच बोलणं ओळखू येत नसे.

सुनावणी फोनवर होती. राज्यात अशा सुनावण्या बहुतेक फोनवरच होतात. डोलोरिसने लॉन्ड्रीची सगळी यंत्रं बंद केली आणि फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. मागे वळून बघते तर समोर बटाटा! जत्रेनंतर पोशाख धुवायला तिच्याकडेच आला होता, न्यायला कुणी फिरकलं नव्हतं.

"अरे, हे काय सोंग?"

बटाट्याने छातीवर हात ठेवून खुणेनेच समजावलं. असा धीर येतो.

"काढ ते!"

चेन अडकली होती. तेवढ्यात फोन वाजला.

सुनावणी अधिकारी बाईंचा आवाज शांत होता. "उजवा हात वर करून शपथ घ्या." बटाट्याने हात वर केला, तो थेट साबणाच्या फळीवर. पुडे धडाधड खाली आले.

"श्री. कुबिक, आपण आहात का?"

बटाट्याने मान हलवली.

"श्री. कुबिक?"

त्याने आणखी जोरात हलवली.

"अहो बाई, तो मान हलवतोय," डोलोरिस म्हणाली. "मान म्हणजे… सगळाच हलतोय."

"मला फोनवर मान दिसत नाही. त्यांना बोलायला सांगा."

"बोल ना रे मेल्या!"

बटाट्याने ओठांकडे बोट दाखवलं. शिवलेले. डोलोरिसने कपाळ बडवून घेतलं. बाई म्हणाल्या की गैरवर्तन सिद्ध करणं मालकाचं काम, तेव्हा आधी मालकाने सांगावं; तोवर यांचा कंठ फुटेल.

त्याच फोनवर पलीकडून ब्रेन्टने घसा साफ केला. "मी तिथेच होतो. माझ्या कानांनी ऐकलं. घोगरा, जाड आवाज, बटाट्यातूनच आला."

"ओठ हलताना पाहिलेस?" डोलोरिसने विचारलं.

"बाई, ते दोऱ्याचे आहेत."

"मग!"

"मग काय? मी तो आवाज जन्मात विसरणार नाही. आमच्या मालाची बदनामी केली त्याने. आमची पाकिटं काठोकाठ भरलेली असतात."

इतकं ऐकल्यावर डोलोरिस गप्प बसती तर ती डोलोरिस कसली? दोन्ही हात टेबलावर आपटून ती ओरडली, "काठोकाठ? अरे चोरा, पाकिटात निम्मी हवाच असते!"

"हाच!" ब्रेन्ट किंचाळला. "हाच तो आवाज! ऐकलंत ना बाई? शब्दही तेच! लिहून घ्या, हाच बटाटा!"

बाई म्हणाल्या, "लिहून घेते. आत्ता बोललं कोण?"

डोलोरिसचं तोंड उघडंच राहिलं. मग मान सावकाश बटाट्याकडे वळली.

"त्या दिवशी तुझ्या मागे मी उभी होते…?"

बटाट्याने मान हलवली.

"आणि तुला ठाऊक होतं? इतके दिवस?"

त्याने पुन्हा हलवली, जरा ओशाळून.

"बाई," डोलोरिस फोनकडे वळून पडेल आवाजात म्हणाली, "बोलले मी. डोलोरिस हॅगर्टी. लॉन्ड्रीवाली. आत्ताही आणि जत्रेतही. बटाटा नाही."

पलीकडे ब्रेन्ट नुसता 'पण, पण' करत राहिला.

"श्री. कुबिक यांना शेवटी काही सांगायचं आहे?" बाईंनी विचारलं.

डोलोरिसने कात्री घेतली, चेन टरकावली आणि बटाट्याचं डोकं उपटून काढलं. आत घामाने निथळलेला वेन्डल. त्याने फोनजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "बाई, निम्मी नाही. निम्म्याहून जास्तच."

निकाल टपालाने आला: गैरवर्तन नाही, विम्याचे पैसे द्यावेत. मर्लीनने झाडलेल्या खोलीत चौथा पोपट ठेवला. डोलोरिस महिनाभर वेन्डलचे कपडे फुकट धूत होती, आणि धुताना त्याच्यावरच डाफरत होती, "सांगायला काय झालं होतं रे, मुक्या?"

पैसे घ्यायचे तर दर आठवड्याला नवं काम शोधल्याचं कळवावं लागतं. तेही फोनवरच, पण तिथे यंत्र असतं. "या आठवड्यात आपण काम शोधलंत का? होय असेल तर एक दाबा."

वेन्डल आधी मान हलवतो. मग एक दाबतो.