बेडच्या ओठाखाली

जेवणाची सुट्टी आहे. उघडलेल्या लेथला खेटून पुठ्ठ्यावर पडलोय. डोळे जड झालेत, पण कुजक्या तेलाचा वास नाकातून जात नाही. शी!

हा लेथ आमच्याच कारखान्यात बनलेला, माझे गुरू अण्णा पांचाळ यांच्या हातचा. दुरुस्तीला आलाय. गिऱ्हाईक म्हणतंय, त्यांच्याकडं हा लेथ चालवणाऱ्या गफूर शिकलगारनं तेलपाणी केलं नाही म्हणून सॅडल, हत्यार घेऊन सरकणारा भाग, अडकतंय. आज संध्याकाळी ते त्याला कामावरनं काढणार. मी सॅडल उतरवलं आणि बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब लोखंडी पायाच्या, ओठासारख्या कडेखाली आरसा धरला. वर स्क्रेपरनं हातानं खरवडून काढलेल्या चंद्रकोरी, बघत राहाव्यात अशा. खाली, जिथं सॅडलची पट्टी घासते तिथं, स्क्रेपर लागलेलाच नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

"झोपलास का रे श्रीपा?"

अण्णा उशाशी उभे आहेत. जाऊन बरेच दिवस झाले त्यांना. ऑफिसातल्या फोटोचा हार गळ्यात घालूनच आलेत.

"अण्णा, खालची बाजू सोडलीत तुम्ही."

"वाकून कोण बघतंय?"

"मी बघितलं की!"

आम्ही त्यांच्या घरी जेवायला बसलोय. पाटाच्या जागी लेथचा बेड आहे, लांबच्या लांब. अण्णा भातावर निळा रंग ओतून कालवतात.

"मला काय शिकवायचात? निळं लाव, ठोकळा फिरव, उंचवट्यावर रंग उठेल तेवढंच खरवड. मशीन पोचत नाही तिथं उताणा पड, पण हात पोचव."

"दसऱ्याच्या पूजेला गिऱ्हाइकाच्या दारात मशीन पाहिजे होतं. वेळ कुठं होता?"

"आणि गफूर?"

"कोण गफूर?" ते निळा घास तोंडात कोंबतात. "तेल नव्हतं म्हण आणि मोकळा हो. गुरूचं नाव राख."

या माणसाच्या पाया पडायचो मी! किळस येते मला, त्यांची आणि त्या पाया पडण्याची.

ते दवाखान्यातल्या खाटेवर आहेत. मी त्यांचा हात उलटा करून बघतो. मुठीची पाठ लोण्यासारखी मऊ, एक वण नाही. खालून घासणाऱ्याची मूठ कधी शाबूत राहत नाही.

"अण्णा, एकाही मशीनला खालून हात घातला नाहीत?"

ते भिंतीकडं तोंड फिरवतात.

"मग आता घाला हात. घाला!"

"तूच घाल. तुला लई पुळका."

खाटेखाली लोखंडाची कड लागते. मी हात सारतो. आत नासक्या दुधासारखं काहीतरी गिळगिळीत आहे. मूठ अडकते. अण्णा माझा कोपर दाबून धरतात, गोड आवाजात म्हणतात, "राहू दे रे बाळा."

मी सगळा जीव लावून हात ओढतो.

जाग येते. हात खरोखरच बेडखालून निघालाय. मुठीची सालं गेलीत, पुठ्ठ्यावर रक्त टपकतंय. समोर आमचे मालक, आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाचे साहेब.

"अरे, हाताला काय झालं?" मालक दचकतात. मग साहेबांकडं बघत म्हणतात, "श्रीपती, सांग यांना. तेलच नव्हतं ना?"

"तेल भरपूर होतं. गफूरची काही चूक नाही. खालची बाजू घासलेलीच नाही."

"काय सांगतोस! हे काम कुणाचं?" मालक विचारतात.

मालकांनाही ठाऊक आहे कुणाचं ते. तरी मी नाव घेतो, मोठ्यानं, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं.