कुलूपवाल्याच्या भिंतीवरची निळी रेघ

कुलूपवाल्याचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. गल्लीतल्या बहुतेक किल्ल्या त्यानेच घासलेल्या, त्यामुळे कोणाचं दार किती सहज उघडतं हे त्याला तोंडपाठ. दूधवाला हसला तरी ह्याला दुधात काळंबेरं दिसे. बायको म्हणायची, "मी चहा दिला तरी हे आधी वास घेतात."

बंदरामागच्या त्या सखल गल्लीत पुढे त्याचं दुकान आणि मागे राहायची खोली होती. विटा त्याने स्वतः वाहिल्या होत्या. हे सगळं लवकरच लेकीच्या नावावर करून मोकळं व्हायचं, एवढी एकच इच्छा उरली होती.

एका सकाळी त्याने शटर वर केलं, तर भिंतीवर छातीइतक्या उंचीवर निळी रेघ! शेजारच्या शिंप्याच्या भिंतीवरही तीच. पुढे एक तरुण मुलगी पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध आला की ब्रश फिरवत होती.

तो लहान असताना वडिलांच्या दुकानावर अशीच लाल खूण आली होती. रस्ता रुंद करणाऱ्यांनी दुकान जमीनदोस्त केलं आणि वडील जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात किल्ल्या घासत बसले. तेव्हापासून गल्लीचा शिरस्ताच झाला होता, खुणेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जो विचारतो त्याचं घर आधी जातं, असा सगळ्यांचा पक्का समज.

आणि ती मुलगी नेमकी कोणीतरी विचारण्याचीच वाट बघत होती. लोकांना कुतूहल वाटावं म्हणून माहितीचा फलक तिने मुद्दाम अजून लावला नव्हता.

"काका, रंग कसा वाटतो?"

"छान आहे की," तो म्हणाला. मनात म्हणाला, गोड बोलून गळा कापणार ही.

ती जेवायला गेली आणि ह्याने चुना कालवला. आपल्यापुरती रेघ पुसली. शिंप्याने ते पाहिलं, काही न बोलता ब्रश मागितला. संध्याकाळपर्यंत गल्ली पांढरीशुभ्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी. "कोणी पुसलं?" सगळे मान खाली घालून आपापल्या कामाला लागले. तिने सुस्कारा सोडला आणि कुलूपवाल्याच्या भिंतीपासून पुन्हा सुरुवात केली. तेव्हा मात्र त्याचा तोल सुटला.

"एकदाचं सांगून टाका ना! अर्धं पाडणार की सगळं?"

मुलीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "पाडणार? कोण पाडणार? काका, मी चित्रकार आहे, कुठल्या ऑफिसची नाही."

मग तिने सांगितलं. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे जमिनीवर बर्फाचे डोंगर आहेत. ते वितळतायत, ते पाणी समुद्रात येतंय. असंच चालू राहिलं तर एखाद्या वादळाच्या दिवशी ह्या गल्लीत पाणी कुठवर चढेल, ते ही रेघ दाखवते. "बर्फ इतका लांब, की इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून चित्र घरांवरच काढलं."

"हात्तिच्या! पाणी होय!" कुलूपवाला खो खो हसला. शिंपीही हसला. बायकोने चहा आणला, आणि ह्याने वास न घेता घोट घेतला. पण दुसऱ्याच घोटाला तो थांबला.

"हे कधी व्हायचं?"

"नेमकं नाही सांगता येत. तुमच्या लेकीच्या हयातीत होऊ शकतं."

"मग अर्ज कुठे करायचा?"

"सगळ्यांनी मिळून कोळसा, पेट्रोल जाळणं कमी केलं तर…" एवढंच मुलगी म्हणाली, आणि तेही हळू.

कुलूपवाला रेघेकडे बघत राहिला. त्याला वडील आठवले. दुकान वाचावं म्हणून वडील रस्त्याच्या साहेबाच्या पाया पडले होते. उपयोग झाला नाही, पण पडायला पाय तरी होते. ह्यात कोणाकडे जायचं? आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस खरं बोलतोय असं त्याला वाटत होतं, आणि ती खोटारडी निघावी म्हणून तो मनातून तडफडत होता.

बायकोने चुन्याची बादली पुढे केली. "अहो, ही पण पुसू का?"

"नको," तो म्हणाला. "लेकीला बोलावून घे. म्हणावं, घर नावावर करून घेण्याआधी ही भिंत बघून जा."