बहात्तर नंबरची आई आणि माझ्या सासूबाई

नोव्हाय शहरात घर घेण्याआधी आम्ही मिशिगनमधल्याच एका छोट्या कॉलेजच्या गावात राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. २००४च्या ऑगस्टात सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि आठवड्याभरातच कंटाळल्या.

"इथं माणसं राहतात की नुसत्या गाड्या?" त्यांनी मला विचारलं.

माणसं दाखवावीत म्हणून एका शनिवारी मी त्यांना कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला नेलं. टीव्हीवर दिसतं तसलं अवाढव्य स्टेडियम नव्हतं ते. पत्र्याच्या पायऱ्या, एका कोपऱ्यात बँड, हॉट डॉगचा स्टॉल. टीमही यथातथाच, सारखी हरणारी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांवर आदळायची, शिट्टी वाजायची, ढिगारा उठायचा आणि पुन्हा तेच.

सासूबाई मात्र पुढे सरकून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चार खेपांत ठरलेलं अंतर पुढं जायचंय यांना. नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. हो की नाही गं?"

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर अगदी बरोबर होतं.

मग दर घरच्या मॅचला आम्ही जायला लागलो. आमच्या पुढच्याच पायरीवर एक उंच, धिप्पाड बाई बसायची. शाळेची बस चालवायची ती, आणि मुलाची मॅच बघायला लांबच्या गावाहून यायची. मुलगा बहात्तर नंबरचा, आडवातिडवा पसरलेला. तो दिसला की ती "माय बेबी!" म्हणून किंचाळायची. तिचं इंग्रजी सासूबाईंना कळत नव्हतं आणि सासूबाईंचं मराठी तिला. तरी दुसऱ्या मॅचपासून दोघी एका ब्लँकेटखाली बसायला लागल्या.

"अरे पायाला धर! वर काय मिठ्या मारतोयस!" सासूबाई मैदानाकडे बघून ओरडल्या.

"काय म्हणतायत?" तिनं मला विचारलं. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती हसून हसून लाल झाली. "त्यांचे कोचही हेच सांगून थकलेत!"

ऑक्टोबरात टीम ओळीनं चौथी मॅच हरली. त्या दिवशी नवराही आला होता. मॅच संपल्यावर खेळाडूंच्या घरचे लोक पार्किंगशेजारच्या हिरवळीवर शेगड्या पेटवून काहीबाही भाजत होते. बहात्तरच्या आईनं आम्हालाही ओढून नेलं. सासूबाईंच्या हातात भाजलेलं कणीस देत तिनं विचारलं, "यांना हे सगळं कळतं कसं?"

मी ते मराठीत विचारलं. सासूबाई कणसाचे दाणे सोलत म्हणाल्या, "कबड्डी खेळायचे की मी. कॉलेजच्या टीममध्ये होते. डावा कोपरा."

नवरा प्लेट घेऊन गर्रकन वळला. "आई, तू? कबड्डी? कधी?"

"तुझ्या आधी."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"तुला क्रिकेटशिवाय दुसरं काही ऐकू येत होतं का?"

बहात्तर अंघोळ करून ओल्या केसांनी तिथं आला होता. त्याला कबड्डी म्हणजे काय ते मी कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "शो मी, आई." आम्ही म्हणतो ते ऐकून त्यानंही त्यांचं नाव आईच ठेवलं होतं.

सासूबाईंनी कणीस माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि लेकाला म्हणाल्या, "चल, माझ्या बाजूनं पळून दाखव."

नवरा हसत हसत निघाला. पुढच्या क्षणी हिरवळीवर आडवा होता. घोटा आईच्या दोन्ही हातांत घट्ट. पोरांनी जो काही आरडाओरडा केला, तसा मॅचमध्येही ऐकला नव्हता.

"आई, तुझे गुडघे!" नवरा पडल्या पडल्या म्हणाला.

"माझ्या गुडघ्यांचं सोड. तू व्यायाम कर जरा."

त्यानंतर टीम जिंकत सुटली असं काही झालं नाही. पुढची मॅचही हरलीच. पण नोव्हेंबरात शेजारच्या गावाशी शेवटची मॅच होती. सासूबाई साडीवर नवऱ्याचं जाकीट आणि माकडटोपी घालून आल्या. शेवटच्या मिनिटाला आपली टीम जेमतेम पुढे होती आणि समोरच्यांना गोलची रेघ गाठायला दोनच पावलं उरली होती. दोन्ही आयांनी एकमेकींचे हात आवळून धरले. पोरं आदळली, मोठा ढिगारा झाला. पंच एकेकाला बाजूला करत आत वाकले. मग हात हलवून त्यांनी खूण केली. समोरचे पोचले नव्हते!

लोक पायऱ्यांवरून धो धो खाली धावले. बहात्तरच्या आईनं सासूबाईंना उचलून कठड्यापलीकडे ठेवलं आणि दोघी मैदानात पळाल्या. बहात्तर लहान मुलासारखा रडत होता. सासूबाईंनी टाचा उंचावून त्याचा चेहरा हातानं पुसला आणि त्यांचेही डोळे भरून आले.

परत चालत येताना नवऱ्यानं विचारलं, "आई, तुम्ही लोक मॅचला कुठं कुठं जायचात गं?"

त्या बोलायला लागल्या. मिरज, कराड, कोल्हापूर, ट्रकमध्ये मागं बसून म्हटलेली गाणी, घरी चोरून धुतलेली खेळायची चड्डी. आमची बिल्डिंग आली, पण त्यांचं संपलं नव्हतं. म्हणून आम्ही न थांबता पुढे चालत राहिलो.