टायटल मावशी

साठीच्या पुढची बाई, हाताला पीठ तसंच, आणि टीव्हीवर जपानी कार्टूनचं गाणं लागलंय म्हणून परातीवर ताल धरून बसलेली! सातपूरच्या त्या मेसच्या दारात मी बॅग घेऊन उभी होते, ती गारच पडले. नववीत शाळा सुटलेली, वाशिमहून कंपनीत पॅकिंगच्या कामाला आलेली, आणि राहायचं ते अशा वेड्या बाईकडे? मागे न बघताच त्या म्हणाल्या, "आत ये. पण बोलू नको, टायटल चालू हाय."

म्हणून त्या टायटल मावशी. मूळच्या मनमाडच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर कंपनीत कामाला जाणाऱ्या सहा मुलींना त्या जेवायला-राहायला ठेवत. संध्याकाळी सातला ते कार्टून लागायचं. मावशी फक्त सुरुवातीचं दीड मिनिटाचं गाणं, म्हणजे टायटल, बघायच्या आणि गोष्ट सुरू झाली की भाकरी थापायला उठायच्या. गाण्याचे शब्द कुणालाच कळायचे नाहीत. "मलाबी नाय कळत," त्या म्हणायच्या. "सातवी शिकलेली आन बारावी शिकलेली, हितं समद्या सारख्याच." मला ते ऐकून फार हायसं वाटायचं.

सिन्नरची संगीता मात्र नाक मुरडायची. "मावशी, पोराटोरांचं काय बघता!" गाण्यात एकेक जण यायचा, क्षणभर थांबायचा, कुणी तलवार उपसायचा, कुणी नुसता हसायचा. मावशींनी एकावर बोट ठेवलं. "समदी पुढं बघत्यात, ह्यो एकटा आभाळाकडं. ह्यो जाणार." संगीता फिसकन हसली. पण मावशींना खोटं पाडायचं म्हणून रोज टीव्हीपुढे बसायला लागली, आणि तिच्यामागे आम्ही पाचही जणी. तीन आठवड्यांनी तो खरंच मेला. संगीताचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाण्यानं. तू नुसतं ऐकत हुतीस, बघत नव्हतीस."

पुढे एकदा गाणंच बदललं. आम्ही ओरडलो, हे कसलं नवीन! मावशी बोटांवर मोजत होत्या. "टायटल बदललं ना, की आदी मोजायचं कोण कमी हाय."

सकाळी डबे द्यायची त्यांची रीतही त्या गाण्यासारखीच. पळी तलवारीसारखी उचलून एकेकीचा पुकारा. "सिन्नरची संगीता, दोन वेण्यांवाली! मालेगावची फातिमा, चष्मेवाली!" जिचं नाव येईल तिने 'ओ' देऊन डबा घ्यायचा.

तो पुकारा मी पहिल्यांदा नीट ऐकला तो इथे आल्याच्या तिसऱ्याच दिवशी. कंपनीत सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला होता, आणि मी गावी पळून जायचं पक्कं केलं होतं. पुकारा चालू असताना बॅग खांद्याला आणि चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेने सरकत होते. तेवढ्यात कानावर आलं, "आन शेवटाला वाशिमची रंजू, घाबरट!"

मी जागच्या जागी खिळले. माझं नाव? इतक्यात?

"ओ दे की गं."

"मावशी, मी चालले."

मावशींनी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टायटलमधी घेतलंय तुला. आता मधीच जाता येत नाय." आणि डबा पुढे केला.

मी राहिले. आज जी काही आहे ती त्या डब्यामुळे.

दोन वर्षांनी बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेले होते. सकाळी परतले तर गल्लीपर्यंत पुकारा ऐकू येत होता. पण आवाज संगीताचा! हसू आलं, म्हटलं मावशींची नक्कल करतेय. "मालेगावची फातिमा, चष्मेवाली..." पण पहिलं नाव तर संगीताचं असायचं. मी नकळत बोटांवर मोजायला लागले, कोण कमी आहे, आणि धावतच दारात गेले.

"मावशी बाजारातनं येत हुती," संगीता म्हणाली. "रिक्षातच मान टाकली. आठ दिस झाले. मनमाडची माणसं आली आन तिकडंच घेऊन गेली. तुला कळवायचं तर कुठं?"

संगीताने पळी खाली ठेवली. "शेवटाला तिचंबी नाव घ्यावं म्हणते रोज. पण रंजे, नाव काय गं तिचं?"

मी फातिमाकडे पाहिलं. तिने दाराकडे बोट दाखवलं. दारावरची पाटी नवऱ्याच्या नावाची, लाइटबिलही त्याच्याच. जिने आम्हाला रोज नाव घेऊन उभं केलं, तिचं नाव आम्ही सहा जणींनी कधी विचारलंच नव्हतं.

संगीताने पळी उचलली. "मनमाडची... आमची टायटल मावशी!"

आणि आम्ही सहाही जणी एकदम म्हणालो, "ओ!"