माझ्या लघुग्रहाचं बारसं

मी एक लघुग्रह शोधला होता. तो तीन दिवस टिकला.

मी कुंडलच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीत लघुग्रह शोधतो. दुर्बिणीतून नव्हे! एक संस्था आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्याथोड्या वेळानं काढलेले चार फोटो पाठवते. त्यात आकाश पांढरं आणि तारे काळे दिसतात. ताऱ्यांमधून जो ठिपका सरकतो, तो लघुग्रह. पाच वर्षांत मला एकही सापडला नव्हता. (बायकोला माझा चष्मा रोज सापडायचा.)

मे महिन्यात नवा संगणक घेतला. शनिवारी फलटणची आत्या तो बघून गेली आणि रविवारी चमत्कार! फोटो मोठे करून माउसनं ओढत ओढत पाहिले, तर ताऱ्यांच्या गर्दीतून एक टपोरा ठिपका ऐटीत चाललेला! मी संस्थेला कळवलं. मग आत्यालाही फोन केला. इथंच चुकलं.

"नाव कोन ठेवनार?" आत्यानं विचारलं.

"शोधणाऱ्यानं सुचवायचं. पण स्वतःचं नाव देता येत नाही."

"मग तू ऱ्हाऊ दे. आपल्यात नाव आत्या ठेवती. बुधवारी येते!"

मला आतून उकळ्या फुटल्या. आत्या भाच्याचंच नाव ठेवणार! (लघुग्रहाला नाव मिळायला वर्षं लागतात, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नाही.)

बुधवारी आत्या पाच किलो हरभरे घेऊन एसटीतून उतरली. दुपारपर्यंत घुगऱ्या शिजल्या, संगणकापुढं रांगोळी आली, गल्लीतल्या बायका पाळणा म्हणू लागल्या.

"बाळ दाव की रं," आत्या म्हणाली.

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. आत्या चष्मा सावरून वाकली.

"आरं, ही तर तीट हाय! शनवारी जाताना मीच लावली. लय देखनं मशीन, म्हनलं नजर नगं लागाय!"

बायकोनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझा लघुग्रह एका फटक्यात पुसला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फोटो ओढत होतो म्हणून तारे सरकत होते. काजळ बिचारं काचेवरून जागचं हललं नव्हतं! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"आवं मास्तर, मग घुगऱ्यांचं काय?" शेजारीण म्हणाली.

घुगऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी ते गल्लीनं माझ्या पाठीत घातले. बायकोनं दोनदा! संस्थेला मी माफीचं पत्र लिहिलं. (कारण : 'स्थानिक अडचण'.)

लघुग्रह मी अजून शोधतो. फक्त बसण्याआधी ओल्या फडक्यानं आकाश पुसून घेतो.